ऑर्फामावशीचं शिसं

ऑर्फामावशीला न घाबरणारा एकच प्राणी आमच्या खोऱ्यात होता, आणि दुर्दैवानं तो तिचा जावई होता. बाकी सगळे, म्हणजे कुत्री, पास्टर, विम्याचा माणूस, तिच्या फाटकाशी आले की आधी लांबून हाक मारायचे. अस्वलं हाक मारत नसत, पण वास घेऊन परत वळत, एवढं मी स्वतः पाहिलंय.

आमच्याकडे साठी उलटलेली प्रत्येक बाई अख्ख्या गावाची मावशी असते. ऑर्फा मलिन्सला साठी उलटून चार वर्षं झाली होती. उंचीनं ती माझ्या खांद्याला लागायची, मनगटं मात्र खाणकामगाराची. हॅचेट ओढ्याच्या वरच्या टोकाला, जिथे आधी डांबर संपतं, मग खडी संपते आणि शेवटी गाडीचा सायलेन्सर संपतो, तिथे तिचं घर. घरामागे डुकराचं मांस धुरी द्यायची जुनी खोली होती. त्या खोलीत ती बंदुकीच्या गोळ्या ओतायची. दुकानातून आयत्या गोळ्या आणणाऱ्याबद्दल तिचं मत ठरलेलं होतं. "मक्याचा पावसुद्धा विकत आणत असेल मेला."

शिशाशी तिची ओळख आठव्या वर्षी झाली. ते कोळशाच्या खाणीतल्या संपाचं वर्ष होतं. तिचा बाप एस्टिल स्कॅग्ज संपात होता आणि कंपनीनं बाहेरून आणलेले बंदूकवाले समोरच्या डोंगरावरून संपवाल्यांच्या घरांवर गोळ्या झाडायचे. तेही नेमके जेवायच्या वेळेला.

"आई घेवड्याचं पातेलं खाली उतरवायची आणि आम्ही टेबलाखाली बसून जेवायचो," मावशी सांगायची. "वरून भिंतीचा भुसा ताटात पडायचा. बाप म्हणायचा, मिरपूड समजा आणि गिळा."

एका संध्याकाळी तिचा थोरला भाऊ रूबेन मीठ घ्यायला टेबलाखालून बाहेर आला आणि त्याच्या मानेतून गोळी आरपार गेली. घास तोंडातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला पुरून आल्यावर बापानं पोरीच्या हातात जेवायचा काटा दिला आणि भिंतीतल्या गोळ्या उकरून काढायला सांगितल्या. एकेचाळीस निघाल्या. त्या त्यानं चुलीवर वितळवल्या आणि स्वतःच्या साच्यात ओतल्या. "दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये," एवढंच म्हणाला. ती वस्तू त्यानं कशी परत केली ते मावशी कधी सांगत नाही. त्या हिवाळ्यात डोंगरावरचा गोळीबार थांबला, इतकंच म्हणते आणि विषय बदलते.

पुढे तिचं डेन्व्हर मलिन्सशी लग्न झालं. डेन्व्हर खाणीत होता, बरा माणूस होता, पण पगाराच्या दिवशी बरा नसायचा. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात त्यानं तिच्यावर हात उचलला. मावशी तेव्हा गोळ्या ओतत होती. साचा म्हणजे लोखंडाचा बिजागरीवाला ठोकळा, त्याला सांडशीसारख्या दोन लांब मुठी. तो तापलेला साचा तिनं डेन्व्हरच्या जबड्यावर मारला. जबडा दोन ठिकाणी मोडला आणि गालावर चौकोनी डाग पडला. सहा आठवडे तो नळीनं सूप पीत होता, आणि ते सूप मावशीच करून देत होती. त्यानंतर सत्तावीस वर्षं दोघांनी सुखानं संसार केला. शेवटी खाणीची धूळ फुप्फुसात साठून तो गेला. थडग्यापाशी ती म्हणाली, "एकदाच चुकला. शिकला."

तिला वाटायचं, संसार असाच असतो. एकदा मोडायचं, मग जुळतं. तिची पोरगी ट्रेसा मात्र बापावर गेली होती, आणि तीही जबडा मोडल्यानंतरच्या बापावर. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, खाली मान घालून बोलायची. तिनं वेंडेल टॅकेटशी लग्न केलं. वेंडेल कोळशाचा ट्रक चालवायचा. देखणा, हसरा, रविवारी चर्चमध्ये असा गळा काढून गायचा की म्हाताऱ्या डोळे टिपायच्या. सोमवार ते शनिवार तो ट्रेसाला मारायचा.

दोनदा ती आईकडे पळून आली होती. दोन्ही वेळा वेंडेल आठवड्यानं आला, पायरीवर बसून रडला, आणि ती त्याच्या ट्रकमध्ये चढून परत गेली. मार्चमध्ये ती तिसऱ्यांदा आली. दोन बरगड्या मोडलेल्या, डाव्या हाताची करंगळी उलटी वळलेली. करंगळी त्यानं दारात धरून दार लावलं होतं, सावकाश. बरगड्यांना पट्टा आणि करंगळीला आईस्क्रीमची काडी बांधून ती मावशीच्या स्वयंपाकघरात बसली होती. वेंडेलनं निरोप पाठवला होता की रविवारी चर्च झाल्यावर न्यायला येतो.

ह्यात मी कुठून आलो, तर टायरच्या दुकानातून. मी खाली गावात टायर बदलतो. चाक सरळ फिरावं म्हणून रिमच्या कडेला बोटाएवढी शिशाची वजनं ठोकतात. टायर बदलला की जुनी वजनं निघतात आणि आमच्या दुकानात ती बादल्या भरून पडलेली असतात. गोळ्या ओतणाऱ्याला ते सोनंच. त्या वर्षी दुकानांतल्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून मी ठरवलं की आपणच ओतायला शिकू. दोन बादल्या वजनं घेऊन मी मावशीच्या फाटकाशी उभा राहून हाक मारली.

"कोण? कोल्बी? तुझा बाप जिवंत आहे का अजून?"

"आहे, मावशी."

"चिवट आहे. ये आत. बादल्या उचल, पाठीनं नको, गुडघ्यानं उचल. तुमच्या पिढीला गुडघे कशाला दिलेत कळत नाही."

पहिले दोन शनिवार तिनं मला पातेल्याजवळ फिरकू दिलं नाही. नुसती वजनं निवडायला लावली. हल्ली बरीच वजनं जस्ताची येतात, आणि जस्ताचं एक वजन पातेल्यात गेलं तर सगळं शिसं शिळ्या लापशीसारखं होतं. फरशीवर टाकलं की शिसं थप्प वाजतं आणि जस्त खणकन. मी दोन शनिवार थप्प आणि खणकन ऐकत बसलो. चुकलं की मावशी मानेवर टपली मारायची. "हे खणकन होतं. तुझ्या डोक्यासारखं."

तिसऱ्या शनिवारी तिनं मला चष्मा दिला. नुसता काचांचा नाही, गालापर्यंत झाकणारा. लांब बाह्यांचा शर्ट, चामड्याचे बूट, दार सताड उघडं. खायचं प्यायचं काही आत आणायचं नाही, शिसं पोटात जातं. मग पाण्याची गोष्ट सांगितली.

वितळलेल्या शिशाच्या खाली पाण्याचा थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते, आणि त्या वाफेला बाहेर यायचं असतं. ती एकटी येत नाही, सगळं पातेलं घेऊन वर येते. छत, भिंती, माणूस, सगळ्यांवर शिशाचे चंदेरी तारे चिकटतात, नाताळच्या झाडाला चमकी लावावी तसे. म्हणून आमच्याकडे म्हणतात, अमक्याकडे चमकी परी येऊन गेली. प्रत्येक घराण्यात एक काका असतो ज्याच्याकडे परी येऊन गेलेली असते. त्या काकाला भुवया नसतात.

"ओलं दिसलं की ओरडायचं," मावशीनं बजावलं. "कोण आहे, काय आहे, बघत बसायचं नाही. आधी ओरडायचं. पास्टर असला तरी. माझ्या बापानं मला असंच शिकवलं, चाबकानं."

"चाबूक कुठाय?" मी विचारलं.

टपली बसली.

तर त्या मार्चमधल्या शनिवारी दुपारी मी नेहमीसारखा शिकायला गेलो तेव्हा गॅसच्या शेगडीवर लोखंडी पातेलं चढलेलं होतं. मेणबत्तीचा तुकडा टाकून मावशीनं शिसं ढवळलं, वरची काळी मळी पळीनं काढली. खाली आरशासारखं लखलखीत शिसं. त्यात तिचं तोंड दिसत होतं आणि ते तोंड मला आवडलं नाही.

साचासुद्धा नेहमीचा नव्हता. हरणाच्या रायफलीचा लांबट साचा सोडून तिनं जाड, आखूड साचा काढला होता. पहिल्या चार गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, साचा गार होता म्हणून. त्या तिनं पातेल्यात परत टाकल्या. पुढच्या गुळगुळीत निघाल्या. त्या मात्र तिनं नेहमीसारख्या गोधडीवर टाकल्या नाहीत. तीन पावलं मागे, दाराशी, पाण्याची बादली ठेवली होती. साचा घेऊन ती वळायची, तीन पावलं चालायची, साच्याला हिकरीच्या लाकडाच्या दांड्यानं टोला द्यायची, आणि गरम गोळी चर्रकन पाण्यात पडायची.

"पाण्यात का, मावशी?"

"टणक होते."

"टणक कशाला पाहिजे?"

"हाड फोडायला."

थोड्या वेळानं तिनं आधीच्या वाळलेल्या गोळ्यांतून निवडून सहा गोळ्या टेबलावर ओळीत उभ्या केल्या. डेन्व्हरच्या रिव्हॉल्वरला सहा घरं आहेत, हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं.

"मावशी, मार्चमध्ये कशाच्या शिकारीचा हंगाम असतो गं?"

"टर्कीचा. तो एप्रिलात."

"टर्की रिव्हॉल्वरनं मारतात?"

"नाही."

"मग उद्या रविवार आहे."

"तुझी शाळा वाया गेली नाही म्हणायची."

मी चष्मा कपाळावर चढवला. तिनं माझ्याकडे न बघता तो खाली ओढला. मी म्हणालो, "तू तुरुंगात जाशील."

"तिथे तीन वेळा जेवायला देतात."

"ट्रेसा काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल. म्हणायला जिवंत राहील. परवा रात्री झोपेत पोरगी कुशीवर वळली आणि ओरडली. मी विचारलं, परत जाणार आहेस का? म्हणाली, तो बदलेल, आई. ह्या वेळी परत गेली तर पेटीत येईल. मला पेटी नको, पोरगी पाहिजे." तिनं पळीभर शिसं साच्यात ओतलं. धार जराही हलली नाही. "डेन्व्हरला मी मोडला, तो सुधारला. हा मोडून सुधारणारा नाही. हा जस्त आहे."

मी खिशातला फोन चाचपला. कुणाला करावा हे कळेना. हवालदार हर्शेल प्रॅटर वेंडेलचा लांबचा भाऊ. पास्टर म्हणायचा की नवराबायकोच्या मध्ये पडू नये. पडायला मी उरलो होतो, आणि मी पडण्यात तरबेज असलो तरी मध्ये पडण्यात नव्हतो.

तेवढ्यात ट्रकचा आवाज आला. वेंडेल एक दिवस आधीच आला होता.

तो घराकडे गेला नाही. खोलीतून धूर दिसला म्हणून इकडेच आला आणि दारात उभा राहिला. दार त्यानं पुरतं भरून टाकलं. गालात तंबाखू, ओठांवर ते चर्चचं हसू.

"काय शिजतंय, सासूबाई?"

"तुझा नाश्ता. उद्या येणार होतास ना?"

"भूक लागली लवकर. कुठाय ती?"

"झोपलीय. तू मोडलेल्या बरगड्यांवर झोपायचं म्हणजे वेळ लागतो."

"पडली ती."

"दारातून करंगळीवर पडली?"

त्याचं हसू जागेवरच राहिलं, डोळे तेवढे बदलले. त्यानं टेबलावरच्या सहा गोळ्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा गोळ्यांकडे. ट्रकवाला असला तरी मूर्ख नव्हता.

"ह्या कुणासाठी?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "टर्की." माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत निरुपयोगी वाक्य.

वेंडेल मोठ्यानं हसला. पायाशी बादली होती. त्यानं वाकून तळातून मूठ भरून गोळ्या काढल्या. बोटांतून पाणी गळत होतं. "माझ्यासाठी एवढा त्रास घेतलात? परत वितळवा मग. सगळ्या वितळवा, म्हातारे!" म्हणत तो तीन पावलांत पातेल्याशी आला.

"ओलं आहे!" मावशी ओरडली. "ओलं! टाकू नको!"

तिचा आवाज मी आजही ऐकतो. ज्या माणसाला मारायला ती सकाळपासून गोळ्या निवडत होती, त्याच्यावर ती बापाच्या चाबकाच्या आवाजात ओरडली आणि तिनं साच्यासकट त्याच्या हातावर फटका मारला. निम्म्याहून जास्त गोळ्या दाराकडे उडाल्या. तीन-चार पातेल्यात गेल्या. वेंडेल त्या बघायला वाकला.

आवाज बंदुकीसारखा नव्हता. कुणीतरी जड दार आपटावं तसा होता. पातेलं रिकामं झालं, एवढंच मला दिसलं. मग माझ्या चष्म्यावर काही दिसेना, कारण त्यावर शिसं होतं. चष्मा काढला तेव्हा छपरापासून फरशीपर्यंत सगळी खोली चकाकत होती, आणि वेंडेलचा चेहरासुद्धा. कपाळ, गाल, ओठ, त्यावर नाण्याएवढे चंदेरी ठिपके, आणि ठिपक्यांच्या कडेनं कातडी शिजत होती. डावा डोळा जिथे असतो तिथे एक मोठा ठिपका होता. तो ओरडत नव्हता, खोल विहिरीत घागर बुडते तसा आवाज काढत होता. मांसाचा वास सुटला. त्या खोलीत तो वास नवा नव्हता, म्हणून आणखी वाईट.

मावशीच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत शिसं चिकटलं होतं, मानेवरही. तिनं त्याच हातानं वेंडेलची मानगूट धरली, तीन पावलं फरफटत नेलं, गुडघ्यावर पाडलं आणि त्याचं डोकं बादलीत घातलं. तो धडपडायला लागला. तिनं त्याच्या पाठीवर गुडघा रोवला. मी बघतच राहिलो. ती त्याला विझवतेय की बुडवतेय, हे मला पुढची काही सेकंदं कळेना. मला वाटतं, पहिली काही सेकंदं तिलाही कळत नसावं. मग तिनं केस धरून डोकं वर काढलं, त्याला श्वास घेऊ दिला, आणि परत बुडवलं. आणि परत.

"फोन कर, खणकन!" ती माझ्यावर खेकसली. "अँब्युलन्स!"

आवाज ऐकून ट्रेसा बरगड्या धरून धावत आली होती. तिला दारातून दिसलं ते एवढंच, की आई नवऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून त्याला बादलीत बुडवतेय. ट्रेसानं जन्मात कधी कुणावर हात उचलला नव्हता. तो तिनं त्या दिवशी उचलला. पूर्ण ताकदीनं, उघड्या पंजानं, आईच्या तोंडावर. मावशी दाराच्या चौकटीवर आदळली आणि तिच्या ओठातून रक्त आलं.

"मारून टाकलंस त्याला!" ट्रेसा किंचाळली. "मारून टाकलंस!"

मावशी ओठाचं रक्त भाजल्या हातानं पुसायला गेली आणि भाजलेलं आठवून थांबली. अँब्युलन्स आली, वेंडेलला घेऊन गेली, आणि ट्रेसा तिच्यात चढून त्याच्याबरोबर गेली. रविवारी व्हायचं ते शनिवारीच झालं.

हवालदार हर्शेल संध्याकाळी आला. वेंडेलनं शुद्धीवर येऊन सांगितलं होतं की सासूनं वितळलेलं शिसं तोंडावर फेकलं. ट्रेसानं जे पाहिलं ते सांगितलं होतं. मावशी पायरीवर बसून होती, हात लोण्यासारख्या मलमात माखलेला. ती अँब्युलन्समध्ये बसायला तयार झाली नव्हती.

"फेकलंस का, ऑर्फा?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटायचं काही नाही. कोल्बी, तू सांग. स्फोटाआधी ती काय म्हणाली? नेमकं."

"ओलं आहे," मी म्हणालो. "ओलं, टाकू नको."

हर्शेलनं टोपी काढली. त्यालाही एक भुवई नाही. त्यानं खोलीत जाऊन पाहिलं. दाराजवळ, पातेल्यापासून लांब, हाताला फटका बसून उडालेल्या गोळ्या पडल्या होत्या. त्या त्यानं बुटानं हलवल्या. आमच्याकडे न्यायाधीशाला समजवायला दिवस लागेल अशी गोष्ट गोळ्या ओतणाऱ्याला एका शब्दात समजते. ज्याला मारायचंय त्याला कुणी 'ओलं' म्हणून ओरडत नाही. मग त्याची नजर टेबलावर ओळीत उभ्या राहिलेल्या सहा गोळ्यांकडे गेली.

"आणि ह्या?"

"टर्की," मावशी म्हणाली.

"एप्रिलात," मी म्हणालो.

त्यानं त्या सहाही खिशात घातल्या. "अपघात लिहितो," म्हणाला आणि गेला.

मावशी गुन्ह्यातून सुटली, पोरगी सुटली नाही. पुढचे नऊ दिवस ट्रेसा शहरातल्या हॉस्पिटलात वेंडेलच्या उशाशी बसून होती. डावा डोळा गेलाच होता, उजवा पट्टीखाली होता. तो रोज रडत होता, एका डोळ्यानं का होईना. चर्चच्या बायका पाव आणि प्रार्थना पाठवत होत्या. सगळं गाव म्हणत होतं की आता तो सुधारेल, देवानं चापट मारली.

मावशी खोलीच्या भिंतींवरचं शिसं सुरीनं खरवडत होती, डाव्या हातानं. "मी त्याला मारलं असतं तर तिनं जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. वाचवला, तर त्याचं तोंड पाहत बसलीय. सांग, कुठल्या बाजूनं ओतायचं?"

"मग ओरडलीस कशाला?"

"मी कुठे ओरडले? ते आपोआप निघालं." तिनं सुरी आपटली. "बापाच्या चाबकाला शिव्या देतेय नऊ दिवस."

"तिला जाऊन सांग की ओरडली होतीस."

"मी जाणार नाही. मारलंय तिनं मला. बरोबर मारलं. तिचे कपडे घेऊन तू जा."

मी गेलो. ट्रेसा वेंडेलला चमच्यानं सूप भरवत होती. तिची करंगळी अजून काडीत होती. वेंडेलचा चेहरा पट्ट्यांनी गुंडाळलेला, तोंडापुरती फट.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कोल्बी," ट्रेसा म्हणाली. "आईकडून कपडे आणलेत."

"त्या म्हातारीचं नाव काढू नकोस."

मला वाटलं, बोलावं तर आताच. मी म्हणालो, "ट्रेसा, ती ओरडली होती. 'ओलं आहे, टाकू नको' म्हणून. हातावर फटकासुद्धा मारला, म्हणून निम्म्या बाहेर पडल्या. नाहीतर दोन्ही डोळे गेले असते. बादलीत ती त्याला विझवत होती." मी जरा थांबलो. "बराचसा."

ट्रेसानं चमचा हवेत धरून ठेवला. "वेंडेल, आईनं टाकू नको म्हणून सांगितलं होतं?"

"असेल सांगितलं."

"ऐकू आलं होतं तुला?"

"आलं असेल." तो पट्टीच्या फटीतून हसला. हसताना ओठ फाटला, पण हसला. "म्हणून काय थांबणार होतो? तिच्या सांगण्यावरून? तुझ्या सांगण्यावरून तरी कधी थांबलोय?"

त्याला ते गमतीचं वाटलं होतं, बायकोला हसवावं म्हणून म्हणाला होता. खोलीत सुपाची वाफ तेवढी हलत होती. ट्रेसानं चमचा वाटीत ठेवला, वाटी टेबलावर ठेवली, आणि रुमालानं त्याची हनुवटी पुसली. नीट पुसली, मूल पुसावं तशी. मग उठली.

"कुठे चाललीस?" त्यानं चाचपडत हात पुढे केला. त्याला नेमका तिचा डावा हात सापडला आणि त्यानं तो आवळला, काडीसकट. तिच्या तोंडातून आवाज आला. "बस खाली म्हटलं ना!"

"सोड, वेंडेल."

त्यानं आणखी आवळलं. मी पुढे झालो, पण तिनं मान हलवून मला थांबवलं. दुसऱ्या हातानं तिनं त्याचं एकेक बोट उघडलं. शेवटचं, करंगळीचं, तिनं हातात तसंच धरून ठेवलं, थोडं मागे वाकवून. जोर दिला नाही. नुसतं धरलं, तो गप्प होईपर्यंत. तो गप्प झाला. मग सोडून दिलं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "कोर्टातलं ते ऑफिस किती वाजता बंद होतं? जिथे नवऱ्याला लांब ठेवायचा हुकूम मागतात?"

"साडेचारला. पण आपल्या गावापर्यंत दीड तास आहे, आणि वाजलेत सव्वातीन."

"मग इथे बोलत काय बसलायस?"

माझी पिकअप त्या दिवशी जशी पळाली तशी ती कारखान्यातून नवी निघाली तेव्हाही पळाली नसेल. वळणांवर ट्रेसा बरगड्या धरून शिव्या घालत होती. तिला एवढ्या शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं. चार वाजून सव्वीस मिनिटांनी ती खिडकीशी उभी होती. आतल्या बाईनं विचारलं, मारल्याची खूण आहे का काही. ट्रेसानं हात वर धरला. काडी मोडली होती आणि करंगळी पुन्हा सुजून वांग्यासारखी झाली होती. बाईनं पेन पुढे सरकवलं.

तिथून मावशीच्या घरी जाताना तिनं एकदाच विचारलं, "आई रागावलीय? त्या थपडेवरून?"

"अगं, येईल त्याला फुटका ओठ दाखवतेय. पोरीचा हात जड आहे म्हणते."

ती हसायला लागली, बरगडीत कळ आली म्हणून रडायला लागली, आणि खडी संपेपर्यंत दोन्ही चालू होतं.

मावशी पायरीवर उभी होती. गाडीत दोन डोकी बघून तिनं आधी मला शिव्या दिल्या, उशीर केला म्हणून. मग ट्रेसाच्या हातातला कागद घेऊन चष्म्याशिवाय लांब धरून वाचला.

"कागदानं माणूस अडत नाही, पोरी."

"मला माहितेय," ट्रेसा म्हणाली. "तो आला तर मी हर्शेलला फोन करणार. मग दाराला कडी लावणार. मग बघू. पण तू मध्ये पडायचं नाहीस, आई. मी त्याच्याकडे परत जाणार नाहीये, आणि तू तुरुंगात गेलीस तर मी इथे एकटी कुणाशी भांडू?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी शिकवलं. मग तिनं कागदाची घडी घातली, चुकीची पडली म्हणून उलगडून पुन्हा घातली, आणि घेवडा करपतोय असं म्हणत आत गेली.